१२३४५६७८९८७६५४३२१ शाळेच्या भिंतीवर : प्रकल्प नोंदी

काय करायचं आहे ते आधी सांगते. कोल्हापुरातल्या आमच्या माध्यमिक शाळेत जिन्यालगतच्या लांब भिंतीवर एक मोठी संख्या आणि तिचे गुणधर्म लावायचे आहेत, तेही १७ जानेवारीच्या आत. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचा तो जन्मदिवस (१९०५, डहाणू). १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तरकी करत या माणसानं संख्यांचं जे काम केलं ते जगभर पोचलं. आपल्या मुलांना मात्र फार तर ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ माहीत असतो.

अट एकच ठेवली आहे. भिंतीवर जाणारं प्रत्येक विधान आठवी-नववीच्या मुलाला वही-पेन घेऊन स्वतः तपासता आलं पाहिजे. ‘संगणकानं काढलं’ एवढ्यावर काहीही भिंतीवर जाणार नाही. दुसऱ्या शाळेला असं काही करायचं असेल तर कुठं अडतं, किती पैसे लागतात आणि वेळ कुठं जातो, हे कळावं म्हणून या नोंदी.

८ नोव्हेंबर

संख्या ठरली, पण दोन चांगल्या संख्या बाजूला ठेवून.

पहिली होती २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. १९०३ साली फ्रँक नेल्सन कोल यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत ती १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ अशी फोडून दाखवली. मुलं एवढा गुणाकार कागदावर करू शकतील. पण ७६१८३८२५७२८७ ही मूळ संख्या आहे हे ती हातानं कसं तपासणार? अटीत बसेना. दुसरी होती ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. ऑयलरनं १७३२ मध्ये काढलेले हे अवयव. ही तपासता येते, पण जिन्यातून जाणारा मुलगा थांबून बघेल असं तिच्या रूपात काही नाही.

तिसरी निवडली. नऊ एक एकापुढं एक लिहायचे आणि त्या संख्येचा वर्ग करायचा :

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

उलटीकडून वाचा, तीच. या कुळाला कापरेकरांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. मुंबईपासून तीस मैलांवर जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर ही कल्पना सुचली, म्हणून ते नाव. ज्यांच्या जन्मदिवसासाठी चाललंय त्यांचीच संख्या. मुलांनी एका आवाजात होकार दिला.

१२ नोव्हेंबर

फ्लेक्सचा विचार सोडला. तो सोडण्यामागचं कारण प्रत्येकानं ध्यानात ठेवावं असं आहे.

नमुना म्हणून एका छपाईवाल्याकडून छोटा कागद काढून आणला होता. त्यानं संख्या स्प्रेडशीटमध्ये टाकून घेतली होती. कागदावर आलं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे २१ गेले. स्प्रेडशीट पंधराच अंक धरतं आणि पुढं शून्यं भरतं. पेशी आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवली असती तर अंक जसेच्या तसे राहिले असते, पण मग त्यात हिशेब होत नाही.

दुसऱ्या दिवशी संगणक खोलीत ब्राउझरमध्येच गुणाकार टाकून पाहिला. आलं १२३४५६७८९८७६५४३२०. एका अंकाचा फरक, म्हणून जास्त घातक, कारण बघताना लक्षात येत नाही. नववीतल्या एका मुलीनं पडद्याकडं बघून लगेच विचारलं, “बाई, दोन्ही संख्यांच्या शेवटी एक आहे. एक एके एक. मग शून्य कुठनं आलं?”

कारण असं : तिथं संख्या ज्या पद्धतीनं साठवतात तीत २ च्या ५३ व्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच, प्रत्येक पूर्णांक अचूक मावतो. त्यापुढं थोडं अंतर फक्त सम संख्या मावतात. आपली संख्या विषम आहे, म्हणून शेजारच्या सम संख्येवर ढकलली गेली. पायथन या संगणकाच्या भाषेत पूर्णांक हवा तेवढा लांब चालतो, तिथं उत्तर बरोबर आलं. तरी ठरवलं की मूळ प्रत वहीतली असेल आणि यंत्र फक्त दुसऱ्यांदा पडताळायला.

१५ नोव्हेंबर

भिंत बाद झाली.

पाटी रंगवणाऱ्या पेंटरमामांना बोलावलं होतं. त्यांनी भिंतीला तळहात लावला, नखानं थोडं खरवडलं आणि म्हणाले, “बाई, हितं पाणी मुरलंय. आत्ता रंग दिलासा तर शिमग्यापतोर पोपडं धरत्यात.” यंदाचा पाऊस लांबला होता आणि भिंतीमागूनच पन्हाळीचं पाणी उतरतं. वॉटरप्रूफिंगचा खर्च शाळेच्या आवाक्यात नाही. पत्र्यावर रंगवून पत्रे टांगायचे, असं मामांनीच सुचवलं.

मग उद्यमनगरात, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, चौकशी. आठ बाय चारचा जस्ती पत्रा सहज मिळतो. प्रत्येक अंकाला एक फूट रुंदीची चौकट धरली, म्हणजे सतरा फूट. दोन पत्रे सोळा फुटांचे, चौकट थोडी आवळली तर बसतं, असा पहिला हिशेब. पण अंक सतरा, म्हणजे विषम. दोन सारखे पत्रे लावले की जोड बरोबर मधल्या ९ च्या पोटातून जातो. सगळ्या संख्येचा तोल ज्या अंकावर आहे तोच चिरला जाणार.

म्हणून तीन पत्रे घेतले. डावीकडं १२३४५६ सहा फूट, मध्ये ७८९८७ पाच फूट, उजवीकडं ६५४३२१ सहा फूट. जोड दोन्हीकडं सारख्या अंतरावर आले आणि ९ अखंड राहिला. कापून उरलेले तुकडे दोन बाय चारचे दोन आणि तीन बाय चारचा एक. ते पुढं विभाजकांना कामाला आले.

पत्रा, कापणी, कडा मुडपणं आणि टेंपो मिळून ५,६०० रुपये. तीक्ष्ण कडा तशीच ठेवू नका, जिन्यात मुलं पळत असतात.

२१ नोव्हेंबर

अंकांखाली काय असावं यावर बराच वेळ गेला. आधी स्वल्पविराम देऊन पाहिले : १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. वाचायला सोपं झालं, पण उजवीकडं तीनांचा गट आणि बाकी दोनांचे. दोन्हीकडून सारखं वाचण्याचं सगळं सौंदर्य त्या स्वल्पविरामांनी घालवलं. ते काढून टाकले.

त्याऐवजी प्रत्येक अंकाखाली त्याच्या स्थानाचं नाव लिहायचं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. आपल्याला सतरा पुरतात. उजवीकडून एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अन्त्य, मध्य. मधला ९ अर्बुदाच्या घरात बसतो, मुलांच्या भाषेत दशकोटी. आजच्या रीतीनं वाचायचं तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. कोटीचे कोटी म्हणताना आठवीच्या वर्गाला धाप लागली. पण त्यानंतर संख्येचा आकार कुणाला समजावून सांगावा लागला नाही. सेकंदाला एक या गतीनं मोजत गेलं तर सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील, हे त्यांनीच काढलं.

२६ नोव्हेंबर

पत्र्याच्या खालच्या भागात गुणाकार मांडायचा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडं सरकलेली. अशा मांडणीला बरोबर सतरा रकाने लागतात. म्हणजे वरच्या प्रत्येक अंकाच्या थेट खाली त्याचा रकाना. उभं मोजा : कडेला एक, मग दोन, मग तीन, मध्ये नऊ, पुन्हा उतरत एक. वरचा अंक म्हणजे खालच्या एकांची मोजदाद, दुसरं काही नाही.

त्यातून आणखी एक गोष्ट फुकटात मिळाली. एकूण एक किती रंगवायचे? नऊ गुणिले नऊ, ८१. आणि संख्येच्या अंकांची बेरीज? तीही ८१, कारण कुठल्याच रकान्यात हातचा नाही. आता १२३४५६७८९८७६५४३२१ ला ८१ नं भागा. १५२४१५७८९९७१०४१ येतं, बाकी शून्य. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो तिला कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ म्हटलं. डेम्लो संख्येच्या अंगावरच हर्षदचा दाखला लिहिलेला आहे, आणि तो पाचवीच्या मुलालाही बोटानं मोजता येतो.

ज्यांना गुणाकार मांडायचाच नाही त्यांच्यासाठी उजव्या पत्र्यावर एक छोटी ओळ घेतली :

९९९९९९९९९ × १२३४५६७९ = १२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१

(१२३४५६७९ मध्ये ८ नाही, ही चूक नव्हे. त्याला ९ नं गुणा, नऊ एक येतात.)

३ डिसेंबर

अवयव. सगळ्यात जास्त वेळ इथं गेला आणि सगळ्यात जास्त आनंदही इथंच मिळाला.

सुरुवात सोपी आहे. १११११११११ चे तीन-तीनचे गट पाडा : १११ × १००१००१. १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ नं भाग जातो, येतात ३३३६६७. म्हणजे १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

आता ३३३६६७ मूळ आहे का? ५७७ चा वर्ग ३३२९२९, ५७८ चा ३३४०८४. म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायला हवं. त्या १०६ आहेत. वर्गात वाटून दिल्या. तासामागून तास गेले, भागाकार चुकू लागले, कुणाची बाकी दुसऱ्याशी जुळेना, आणि मुलांचा उत्साह उतरायला लागला. एवढं करून भिंतीवर काय लिहिणार, ‘आम्ही सगळे भागाकार केले, विश्वास ठेवा’? ते तर अटीतच बसत नाही.

वाट सापडली आवर्ती दशांशातून, आणि ती नववीच्या पुस्तकाबाहेर फारशी जात नाही. समजा प या मूळ संख्येनं ३३३६६७ ला भाग जातो. मग ९९९९९९९९९ लाही जातो. म्हणजे १ भागिले प केलं की दशांशातले अंक नऊ घरांनी पुन्हा तेच येतात. तेव्हा आवर्तनाची खरी लांबी ९ ची विभाजक, म्हणजे १, ३ किंवा ९. लांबी १ फक्त ३ ला मिळते, लांबी ३ फक्त ३७ ला. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद. ३७ नं भागलं तर बाकी १, म्हणून ३७ बाद. उरली लांबी ९. आणि २ आणि ५ सोडून कुठल्याही मूळ संख्येचं आवर्तन तिच्याहून एकानं लहान संख्येला पूर्ण भाग घालतं. ७ चं आवर्तन ६ चं, १३ चंही ६ चं आणि ६ नं १२ ला भाग जातो, हे मुलांनी फळ्यावर करून पाहिलं. म्हणून ‘प वजा १’ ला ९ नं भाग जायला हवा. प विषम आहे, म्हणून १८ नं जायला हवा.

अठराच्या पाढ्यात एक मिळवत ५७७ पर्यंत गेलं की मूळ संख्या एवढ्याच : १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सतरा. त्यातला ३७ आधीच बाद. राहिले सोळा भागाकार, एका फळ्यावर मावणारे. बाक्या क्रमानं ८, ५७, १८, ३८, ६, ८४, १४३, ६६, २६५, १४७, १८७, २५७, ७२, ५१६, ४११, १६१. एकही शून्य नाही. ३३३६६७ मूळ आहे.

शेवटची बाकी लिहून झाल्यावर वर्गात टाळ्या पडल्या, त्या कुणी सांगून नव्हत्या. या सतरा संख्या आणि बाक्या भिंतीवर जाणार. मुलांनी आधी घाम गाळलेले शंभराहून जास्त भागाकार वायाही गेले नाहीत. पंधरा-सोळांत काम का भागलं, हे त्यांना जितकं उमगलं तितकं ते केल्याशिवाय उमगलं नसतं.

१३ डिसेंबर

रंग. जस्ती पत्र्यावर नेहमीचा प्रायमर थेट मारू नका, काही महिन्यांत पापुद्रा सुटतो. मामांनी आधी पत्रा थिनरनं पुसून तेलकटपणा काढला, जस्तासाठीचा वेगळा प्रायमर मारला आणि मग ऑइल पेंट. रंग, प्रायमर, ब्रश धरून २,१०० रुपये, मामांची मजुरी वेगळी. चौकटींसाठी त्यांनी गेरूची दोरी छापली, एका दमात सरळ रेघ.

८१ एकांसाठी जुन्या एक्स-रे फिल्मचा एकच साचा कापला, म्हणजे सगळे एक सारखे. पहिल्या ओळीत रंग साच्याखाली पसरला आणि १ चा ९ दिसायला लागला. या भिंतीवर याहून वाईट काय होणार! रंगात थिनर जास्त झाला होता. घट्ट रंग घेऊन ब्रश जवळजवळ कोरडा करून टिपटिप टेकवला तर कड स्वच्छ येते. पहिली ओळ घासून पुन्हा केली.

२२ डिसेंबर

विभाजकांचे तुकडे. संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. म्हणून विभाजक ५ × ३ × ३ = ४५. तीन तुकडे, प्रत्येकावर पंधरा. पहिल्यावर ३३३६६७ नसलेले : १, ३, ९, २७, ८१, ३७, १११... ११०८८९ पर्यंत. दुसऱ्यावर ते एकदा, तिसऱ्यावर दोनदा. तिसऱ्यावरच्या संख्या सर्वांत लांब, तोच तुकडा तीन फुटी निघाला.

विभाजक विषम संख्येत का, हे रंगवतानाच दिसतं : २२ जोड्या, आणि बरोबर मध्ये एकटा १११११११११, ज्याची जोडी तो स्वतःच. या यादीत मला सगळ्यात आवडलेल्या दोन : १२३३३३३३३२१ आणि १००२००३००२००१. दुसरी म्हणजे १००१००१ चा वर्ग. आरशातली संख्या, तिच्या पोटात आणखी आरशातल्या संख्या.

इथं ताळ्यानं वाचवलं. रंग वाळल्यावर मुलांनी प्रत्येक ओळीचा नवाचा ताळा (अंकांची बेरीज करून नवानं भागल्यावर उरणारी बाकी ताडून पाहणं) घेतला, सगळे जुळले. तरी अकराचाही घ्या म्हटलं. १५२४१५७८९९७१०४१ ही १२३४५६७९ च्या वर्गाची ओळ. १२३४५६७९ ला अकरानं भागून बाकी ५, वर्ग २५, बाकी ३ यायला हवी. पत्र्यावरच्या संख्येची आली १. शोधलं तर ८ आणि ९ ची अदलाबदल झालेली, १५२४१५७९८९७१०४१. अंक तेच, म्हणून बेरीज तीच, म्हणून नवाच्या ताळ्याला काही दिसलं नाही. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल अकराच्या ताळ्यातून सुटत नाही, कारण तो अंक एकाआड एक अधिक-उणे धरतो. पंधरा अंकी संख्या ब्रशनं उतरवताना हे कुणाच्याही हातून होणार. मामांनी तिथल्या तिथं दुरुस्त करून दिलं आणि पुढच्या ओळी स्वतःच एकेक अंक मोठ्यानं म्हणत उतरवल्या. एक मुलगा वहीत बोट ठेवून होकार देत होता.

५ जानेवारी

विभाजकांची बेरीज शेवटच्या रिकाम्या कोपऱ्यात बसवली. ४५ संख्या मिळवत बसायची गरज नाही. ३, ३७ आणि ३३३६६७ यांच्या संख्येत येणाऱ्या घातांच्या, १ धरून, तीन बेरजा करून गुणा : १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. त्यातून मूळ संख्या वजा केली की उरतात ६६०८६००६०५१७३२५८. संख्येपेक्षा कमी, म्हणून ती न्यून संख्या. विभाजकांच्या बेरजेचे दोन्ही ताळे जुळले : नवाची बाकी शून्य, अकराचीही शून्य.

१६ जानेवारी

पत्रे टांगले. ओल पत्र्यामागं साचू नये म्हणून भिंतीपासून दीड इंच पुढं, लाकडी पट्ट्यांवर. मधला पत्रा आधी, मग दोन्ही बाजूंचे.

टांगता टांगता आठवीतल्या एकानं विचारलं, दहा एक घेतले तर? तिथंच जिन्यात बसून मुलांनी मांडलं. मधल्या रकान्यात दहा एक येतात, शून्य लिहून हातचा एक. शेजारच्या नऊमध्ये तो मिळून पुन्हा दहा, पुन्हा शून्य आणि हातचा. त्यापुढच्या आठाचे नऊ होतात आणि तिथं थांबतं. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. आरसा फुटला, आणि चढत्या बाजूचा ८ नेमका गायब झाला.

हे उजव्या पत्र्याच्या खालच्या कडेला खडूनं लिहून ठेवलं आहे. दहाव्या ओळीसाठी अठरावा आणि एकोणिसावा रकाना लागतो, तेवढी जागा पत्र्यावर नाही. त्यासाठी दीड-दोन फुटांचा वेगळा तुकडा उद्यमनगरातून आणायचा आहे.